प्रौढांच्या वर्गात माणसं टिकवायची कशी? (बडोदा)

सुरसागरकाठी (धागाकर्ती), बडोदा

नमस्कार मंडळी. दांडिया बाजाराकडे आमच्या मंडळाचा हॉल आहे. तिथे रात्री साडेआठ ते दहा मोठ्या माणसांचा मराठी-गुजराती वाचन-लेखनाचा वर्ग आम्ही काहीजणी मिळून चालवतो. येणाऱ्या बहुतेक बायका खानदेशातल्या, नंदुरबार-शहादा-अमळनेर भागातून इकडे येऊन राहिलेल्या. कोणी धुणीभांडी करतं, कोणी पोळ्या लाटायला जातं, कोणी घरी शिवण घेतं. काही पुरुष मकरपुऱ्याच्या कारखान्यांत आहेत. घरात अहिराणी किंवा मराठी, मुलं मात्र गुजराती शाळेत. निम्म्याजणी गावाकडे तिसरी-चौथीपर्यंत शिकल्यात, देवनागरी अडखळत वाचतात. बाकीच्यांनी पाटी कधी हातात धरलेलीच नाही.

दरवर्षी तेच होतं. सुरुवातीला हॉल भरतो, सतरंज्या कमी पडतात. मग एकेक जागा रिकामी व्हायला लागते आणि शेवटी मोजकी माणसं उरतात. मदतीला येणाऱ्या कॉलेजच्या मुली म्हणतात, "मावशींना इंटरेस्टच नाही." मला हे अजिबात पटत नाही. चार घरची कामं करून, घरचा स्वयंपाक उरकून, भांडी घासून रात्री वही घेऊन जी बाई जिना चढून येते, तिला शिकायची इच्छा नाही असं म्हणायची माझी तरी जीभ रेटत नाही. इच्छा घेऊनच ती येते. मग ती जाते कुठे?

ज्यांनी मोठ्यांना शिकवलंय किंवा जे स्वतः मोठेपणी शिकलेत, त्यांनी कृपया सविस्तर लिहा. प्रेरणेवरची भाषणं नकोत. प्रत्यक्ष काय चालतं, ते हवंय.

लष्करवाले, ग्वाल्हेर

वर्गाची वेळ कोणी ठरवली, तुम्ही की त्यांनी? आणि पुरुषांच्या पाळ्या दर आठवड्याला बदलतात का? बदलत असतील तर तो माणूस एक आठवडा येणार, पुढचा बुडवणार आणि तिसऱ्या आठवड्यात 'आपलं मागे पडलं' म्हणून उंबऱ्यातूनच परत जाणार. मी मालनपूरच्या औद्योगिक वसाहतीत कामगारांना कॉम्प्युटरवर नोंदी करायला शिकवायचो. तिथे एकच धडा सकाळी आणि संध्याकाळी असा दोनदा घ्यायला लागलो, तेव्हा गळती थांबली. त्यांना समजावून सांगण्यासारखं काही नव्हतंच, आडकाठी तेवढी काढायची होती.

चष्मेवाली, बडोदा

मी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. सगळ्यात आधी एक विचारते: तुमच्या वर्गात चाळिशीच्या पुढच्या किती जणींना चष्मा आहे?

चाळिशीनंतर डोळ्यातलं भिंग ताठ होत जातं आणि जवळचं धूसर दिसतं. हे सगळ्यांचंच होतं, त्यात आजार काही नाही. पण जिला वाचायची सवयच नाही तिच्या हे लक्षात येत नाही, कारण लांबचं तिला छान दिसत असतं. मग पुस्तक उघडलं की अक्षरं एकमेकांत मिसळतात, डोकं दुखतं आणि ती म्हणते, "आता या वयात डोक्यात शिरत नाही." तिच्या डोक्यात सगळं शिरतं हो. तिला दिसत नाही!

विचारताना "दिसतं का?" असं विचारू नका, "हो" असंच उत्तर येईल. "सुईत दोरा कोण ओवून देतं?" असं विचारा. "तांदळातले खडे निवडायला मुलीला बसवता का?" असं विचारा. लगेच कळेल.

आसामच्या चहामळ्यांत पानं खुडणाऱ्या चाळिशीपुढच्या कामगारांवर एक अभ्यास झाला होता, २०१८ साली प्रसिद्ध झाला. नुसते जवळचे चष्मे दिल्यावर त्यांची पानं खुडायची मजल सुमारे २२ टक्क्यांनी वाढली. पानं खुडण्यात एवढा फरक, तर बाराखडीत किती पडेल! एक किंवा दीड नंबरचा तयार चष्मा फार महाग नसतो. तरी डोळे एकदा नीट तपासून घ्यावेत, कारण मोतीबिंदू असेल तर वेळेवर कळतो.

सुरसागरकाठी

चष्मेवाली, तुमचा प्रतिसाद वाचून माझ्या डोळ्यांसमोर आमच्या वर्गातल्या तीन-चार जणी आल्या. एक मावशी पुस्तक पार हात लांब करून धरतात आणि मुली त्यांना सांगतात, "मावशी, जवळ धरा ना." उद्याच सुईदोऱ्याचं विचारते.

लष्करवाले, वेळ त्यांनीच ठरवली आहे, कामं आटोपल्यावरची. पाळ्यांचं तुमचं बरोबर आहे, पुरुषांची गळती त्यामुळेच जास्त असणार.

खानदेशी_लेक, बडोदा

मी स्वतः मोठेपणी शिकलेली. सातवीपर्यंत मराठी शाळा, मग लग्न होऊन शहाद्याकडून बडोद्याला. इथे आल्यावर पाट्या बघून मान खाली घालायचे. मुलाच्या वहीत बाईंनी काही लिहिलं की तोच मला वाचून दाखवायचा. वाईट शेरा असला की वाचायचाच नाही.

शेजारच्या गुजराती काकींनी मला शिकवलं. मुळाक्षरांचा तक्ता त्यांनी काढलाच नाही. पेन्सिलीने एका कागदावर मराठीतच 'पगार' लिहिलं आणि वरची आडवी रेघ खोडरबराने पुसून टाकली. म्हणाल्या, "वाच." मी वाचलं, पगार. म्हणाल्या, "झालं की, हे गुजराती आहे." शब्द तोच, अर्थ तोच, अक्षरंही जवळपास तीच. मग 'घर' लिहिलं, 'नगर' लिहिलं, 'पावती' लिहिलं. वरची रेघ पुसत गेल्या आणि मी वाचत गेले. त्या रात्री चूल आवरताना भिंतीवरच्या गुजराती कॅलेंडरमध्ये मला येणारी अक्षरं शोधत बसले होते.

सांगायचं म्हणजे, ग, घ, ट, ठ, त, न, प, म, य, र, व, स ही अक्षरं रेघ काढली की गुजरातीतही सहज ओळखता येतात. अ, क, ख, च, ज, झ, फ, ब, ल ही वेगळी आहेत, ती मात्र शिकावी लागतात. पण त्यांचाही तक्ता पाठ करायला लावू नका. एकेक अक्षर एकेका गरजेला बांधा. क बसवरच्या कारेलीबागेतला, ज मुलाच्या दाखल्यावरच्या जन्मतारखेतला, ल लाईट बिलातला. ज्यांना देवनागरी थोडीफार येते त्यांना तुम्ही पहिल्या दिवसापासून बालवाडीसारखं बसवत असाल तर त्या जाणारच. त्यांना वाटतं, आपल्याला येतं तेही पुसून टाकलं.

दुसऱ्या दिवशी मी काकींकडे का गेले? शिकले तर पुढे भलं होईल म्हणून गेले नाही. काल जमलं होतं, म्हणून गेले.

मालवा_मुक्काम, इंदूर

खानदेशी_लेक, फार मोलाचं लिहिलंत, वाचनखूण साठवली.

तुमच्या काकींनी जे केलं ते पावलो फ्रेरी नावाच्या शिक्षकाने ब्राझीलमध्ये केलं होतं. १९६३ साली आंजिकोस या गावी सुमारे ३०० मजुरांना चाळीस तासांत वाचायला शिकवण्याचा त्याचा प्रयोग गाजला. त्याची रीत अशी की आधी वस्तीत जाऊन लोक काय बोलतात ते ऐकायचं आणि त्यांच्या रोजच्या जगण्यातले शब्द निवडायचे. वीट हा त्यातला एक. विटेवर आधी बोलायचं: वीट कोण भाजतं, घर कुणाचं होतं, मजुरी किती मिळते. मग तो शब्द फोडून त्याच्या तुकड्यांतून नवे शब्द जुळवायचे.

तुमच्या वर्गात 'पगार' हा तसाच शब्द आहे. पगारावर कोण बोलणार नाही? खाडे कापतात का, बोनस मिळतो का, हातात येतो की खात्यात. आधी ते बोलणं होऊ द्या. बोलता बोलता माणूस वर्गाचा होतो. अक्षर नंतर.

मी इथे एनआयओएसमधून (केंद्र सरकारची मुक्त शाळा, घरी अभ्यास करून परीक्षा देता येते) दहावी करणाऱ्या मोठ्या माणसांना शिकवतो. तिथलं एक सांगतो, कारण तुमच्या काहीजणी पुढे तिथे पोचतील. त्या दहावीला वयाची वरची अट नाही. नोंदणी पाच वर्षं चालते, परीक्षेच्या नऊ संधी मिळतात आणि सुटलेला विषय जमा राहतो. त्यामुळे आम्ही सगळे विषय एकदम देऊच देत नाही. ज्यात माणूस मुळात तरबेज आहे तो विषय पहिला. एका ताईंनी आधी फक्त गृहविज्ञान दिलं. पोषण, कपड्यांची निगा, घरखर्चाचा हिशेब, हे सगळं त्या आयुष्यभर करत आलेल्या. तो निकाल हातात आल्यावर गणिताला बसायची तयारी त्यांनी स्वतःहून दाखवली. त्याआधी दोन वर्षं "गणित माझ्याच्याने होणार नाही" एवढंच म्हणायच्या.

गोत्री_रोड, बडोदा

मला वेगळं वाटतं. फुकट असतं त्याची किंमत नसते. महिन्याला थोडी फी लावा. आणि शेवटपर्यंत टिकेल त्याला स्टीलचा डबा, साडी असं काहीतरी द्या. हजेरी आपोआप वाढेल.

मालवा_मुक्काम

गोत्री_रोड, बक्षिसाबद्दल जपून. १९७१ मध्ये एडवर्ड डेसी या मानसशास्त्रज्ञाने कॉलेजच्या मुलांना ठोकळ्यांची कोडी सोडवायला दिली होती. काहींना कोडं सुटलं की पैसे, काहींना काहीच नाही. नंतर पैसे बंद झाल्यावर, पैसे घेतलेल्यांनी मोकळ्या वेळात कोड्यांना हात लावणं कमी केलं. ज्यांना कधी पैसे मिळालेच नव्हते ते आवडीने खेळत राहिले. डब्यासाठी येणारी बाई डबा मिळेपर्यंत येईल.

खानदेशी_लेक

मालवा_मुक्काम, तुमचं पटतं, पण डब्याची दुसरी बाजू सांगते. डबा कधीकधी घरच्यांसाठी लागतो. रात्री साडेआठला सून घराबाहेर पडते म्हटल्यावर सासू विचारते, "तिथं जाऊन काय मिळतं?" 'अक्षर मिळतं' हे उत्तर सासूला दिसत नाही. हातात काही दिसलं की तोंड बंद होतं. आमच्याकडे बायका शिकायच्या सोडतात त्या बऱ्याचदा स्वतःच्या मनाने नाही. कोणीतरी कुरकुर करतं, जेवायला उशीर होतो, नवरा म्हणतो "आता काय कलेक्टर व्हायचंय?" त्यापेक्षा महिन्यातून एकदा सासूला, नवऱ्याला, मुलांना हॉलवर बोलवा. तिला सगळ्यांसमोर लाईट बिल वाचू द्या. अमुक तारखेच्या आत भरायचंय आणि मागच्यापेक्षा एवढं जास्त आलंय, हे तिच्या तोंडून ऐकलं की सासूच दुसऱ्या दिवशी म्हणते, "जा लवकर, वर्गाला उशीर होईल."

आणि फी नका लावू. पैसे द्यायचे म्हटलं की पहिलं नाव बाईचंच कटतं.

रावपुरा_जुना, बडोदा

विषय महत्त्वाचा. माझं मत मात्र असं की आधी मराठी शिकवा. आपलीच माणसं आपली लिपी सोडून दुसरी शिकणार असतील तर मंडळाने वर्ग कशासाठी चालवायचा? शिवाय मातृभाषेतून वाचायला शिकणं सोपं जातं, हे शिक्षणातले सगळेच सांगतात.

सुरसागरकाठी

रावपुरा_जुना, तुमची कळकळ समजते आणि मातृभाषेचा मुद्दा खराच आहे. ज्यांना अजिबात अक्षरओळख नाही त्यांना मी मराठीतूनच सुरू करते, कारण जो शब्द कानाला माहीत नाही तो डोळ्यांनी वाचून काही उपयोग नाही. पण मी वर्गाला सरळ विचारलं होतं की काय शिकायचंय. ज्या थोडं वाचतात त्यांनी एकमुखाने गुजराती सांगितलं. मुलाच्या शाळेतल्या सभेत सही करताना कशावर सही करतोय ते कळावं, एवढं त्यांचं साधं म्हणणं. त्यांनी मागितलं ते बाजूला ठेवून मला योग्य वाटतं ते शिकवलं, तर तो वर्ग त्यांचा राहत नाही. गुजराती वाचायला लागलेल्या दोघी आता मराठी वर्तमानपत्रही मागून नेतात, हेही सांगते.

जुना_ग्रंथपाल, बडोदा

आपल्या गावाची एक गोष्ट तुमच्या वर्गात जरूर सांगा. सयाजीराव महाराज नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावचे, जन्म १८६३चा. १८७५ मध्ये दत्तक म्हणून बडोद्याला आले तेव्हा बारा वर्षांचे होते आणि त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या वयात मराठी, गुजराती, इंग्रजी सगळं पहिल्यापासून शिकले. १८८१ मध्ये राज्यकारभार हाती आला. १८९३ मध्ये त्यांनी अमरेलीत सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केलं आणि १९०६ मध्ये ते सगळ्या राज्यात नेलं. उशिरा अक्षर शिकलेला माणूस अक्षराची किंमत किती जाणतो बघा. खानदेशाच्या शेजारच्या गावातून आलेला मुलगा म्हटल्यावर तुमच्या बायकांना तो परका वाटणार नाही.

पण मला त्याच्या पुढचं जास्त महत्त्वाचं वाटतं. शाळा काढून महाराज थांबले नाहीत. शिकलेली माणसं वाचायला काही नसल्यामुळे पुन्हा निरक्षर होतात, हे त्यांनी ओळखलं. १९१० मध्ये त्यांनी अमेरिकेहून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालांना बोलावलं. मध्यवर्ती ग्रंथालय उभं राहिलं, गावोगाव वाचनालयं झाली आणि जिथे तीही नव्हती तिथे पुस्तकांच्या फिरत्या पेट्या जायच्या.

म्हणून विचारतो, तुमच्या वर्गातली बाई वाचायला शिकल्यावर घरी काय वाचते? मुलांची पातळ चित्रांची पुस्तकं देऊ नका, त्यात चिमणी-कावळा असतो आणि मोठ्या माणसाला अपमान वाटतो. मोठ्या टायपात छापलेल्या पाककृती, आरत्या, अहिराणी गाणी, औषधाच्या पाकिटावरच्या सूचना असं काही एका पेटीत भरून ठेवा. प्रत्येकीने जाताना एक न्यायचं. आणि एकदा सगळ्यांना मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत घेऊन जा. ती काचेची जमीन बघू द्या. आपण आत जाऊ शकतो, हेच कित्येकांना ठाऊक नसतं.

खानदेशी_लेक

आरत्यांची कल्पना उत्तम आहे. आरती तोंडपाठ असते, त्यामुळे बोट ठेवून वाचता येते. बोट कुठे पोचलं आणि तोंड कुठे पोचलं हे जुळवता जुळवता अक्षर पक्कं होतं.

रात्रशाळा, इंदूर

मी जिथे शिकवायचो तिथलं सांगतो. नुकतीच बी.ए. झालेली मुलं आईच्या वयाच्या बायकांना "ए, तू वाच" म्हणायची. ती बाई वाचायची नाही. आम्ही नियम केला: सगळ्यांना अहो-जाहो, वयाप्रमाणे मावशी, काकू, ताई. आणि कुणालाही एकटं उभं करून वाचायला लावायचं नाही. दोघी-दोघींनी एकत्र वाचायचं. चुकलं तर जोडीदारणीने हळूच सांगायचं. लाल पेनाची फुली बंद केली. चुकीच्या शब्दाशेजारी बरोबर शब्द पेन्सिलीने लिहून ठेवायचो, म्हणजे ती घरी जाऊन बघेल.

चुकण्याची लाज मुलाला थोडा वेळ वाटते. मोठ्या माणसाला ती घरापर्यंत पुरते, आणि दुसऱ्या दिवशी त्याचे पाय वळत नाहीत. जोतिबांनी १८५५ मध्ये पुण्यात शेतकरी-कामकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली, तेव्हाही दिवसभर राबलेलीच माणसं यायची. अशा माणसाला वर्गात मान मिळाला पाहिजे. दिवसभर बाहेर तो त्याला फारसा मिळत नाही.

लष्करवाले

परीक्षेचं काय करता? केंद्र सरकारच्या उल्लास या प्रौढ साक्षरता कार्यक्रमात पंधरा वर्षांपुढच्या लोकांसाठी साक्षरतेची परीक्षा आहे, वाचन, लेखन आणि गणित असे ५०-५० गुणांचे तीन भाग. परीक्षा म्हटलं की काहीजण येणं बंद करतात असा माझा अनुभव.

सुरसागरकाठी

परीक्षा ज्यांना द्यायचीय त्यांनाच, आणि आधी घरचेच कागद घेऊन सराव. प्रमाणपत्र हवं असणाऱ्याही बऱ्याच आहेत. एकीला ते चौकट करून देवघराशेजारी लावायचंय. तिचं ते मागणं मला पूर्ण मान्य आहे.

तुम्हा सगळ्यांचं वाचून एक मात्र पक्कं झालं. आमच्या वर्गाचा काळ चुकीचा आखलेला आहे. आम्ही जूनला सुरू करून मार्चपर्यंत एकच लांबलचक वर्ग चालवतो. मध्ये नवरात्र येतं, तेव्हा सगळं बडोदं रात्रभर गरब्यात. मग दिवाळी, उत्तरायण, लग्नसराई. अशा वेळी खानदेशातल्या लेकी माहेरी जाणारच, जायलाच हव्यात. परत आल्यावर 'आपलं फार बुडालं' म्हणून पाऊल अडतं. त्यामुळे आता सणांच्या मधे बसतील असे छोटे छोटे वर्ग करायचे. प्रत्येकाच्या शेवटी हातात एक पुरी झालेली गोष्ट हवी: एका वर्गात लाईट बिल, एकात बसच्या पाट्या आणि आकडे, एकात मुलाची वही, एकात बँकेची स्लिप. एक बुडला तर पुढच्यात नव्याने बसायचं, मागचं काही लागत नाही. पाळीवाल्या पुरुषांसाठी रविवारी सकाळी तोच धडा पुन्हा. आणि देवनागरी येणाऱ्यांचा पहिला दिवस 'पगार'नेच.

चष्मेवाली, आज विचारलं. सुईत दोरा ओवायला मुलगी किंवा सून लागते, असं म्हणत अर्ध्या हॉलने हात वर केले.

चष्मेवाली

मग वेळ घालवू नका. या रविवारी मी येते, तपासणीचा तक्ता आणि वाचनाच्या चष्म्यांचे नमुने माझे. ज्यांना मोतीबिंदूची शंका वाटेल त्यांना पुढे कुठे पाठवायचं ते बघू. हॉलमध्ये उजेड कसा आहे? पिवळा मंद दिवा असेल तर दोन चांगल्या ट्यूब आधी लावून घ्या.

गोत्री_रोड

ट्यूब माझ्याकडून. शनिवारी संध्याकाळी इलेक्ट्रिशियन घेऊन येतो. हॉलची किल्ली कोणाकडे असते, तेवढं कळवा.